खुलासा : ‘श्यामची आई’च्या नाट्यसंहितांबाबत

‘श्यामची आई’वरील कोणतेही नाटक आता विनापरवानगी करता येते, असा संदेश सोलापुरातील बालनाट्याच्या गटांत फिरत आहे, तो अर्धाच खरा आहे. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील साठ वर्षांची मुदत संपल्याने मूळ पुस्तक २०११ पासून मुक्त आहे. मात्र त्यावरून इतरांनी लिहिलेल्या संहितेवर त्या रूपांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो. माझ्याजवळच्या संहितेत ‘प्रयोगापूर्वी लेखी परवानगी आवश्यक’ ही ओळ आतल्या पानावर आहे, आणि झेरॉक्स काढताना नेमके तेच पान गळते. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी केवळ पालक-शिक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कलम ५२ ची सवलत आहे; हुतात्मा स्मृतिमंदिरातील तिकीट लावलेल्या प्रयोगाला नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.