जगात जर्मनी, दारात परभणी

जगात जर्मनी, देशात परभणी असं आमच्याकडं सगळेच म्हणतात, पण दोन्ही एकाच दारात स्वतःच्या पैशानं आणून उभं करणारा गल्लीत मी एकटाच. दोन दारांची जर्मन गाडी, 2005 चं मॉडेल, 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, सिलिंडर चार आणि व्हॉल्व्ह वीस, पुण्याच्या एका गृहस्थाकडून सेकंडहँड घेतली. मागच्या सीटवर निस्ती छत्री बसते. बायको म्हणाली, चार माणसांच्या घराला दोन दारं? मी म्हणलं स्पोर्ट्स कार आहे. तर म्हणे मग पळवा की.

दिवाळीपर्यंत पळाली पण. डिसेंबर लागला, कृषी विद्यापीठाचा पारा दहाच्या खाली गेला, पेपरात परभणी गारठल्याची बातमी आली, आणि त्याच सकाळी सहाला चावी फिरवली तर गाडीला हीव भरलं. खरंच हीव. आरपीएमचा काटा बाराशेवर जायचा, तिथून धाडकन सहाशेवर, परत वर, बॉनेट थडथड, आरसा थडथड, आरशातला मी पण थडथड, मागून कच्च्या पेट्रोलचा वास, आणि शेजारच्या काकूंच्या मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या असं काकूंचं म्हणणं आहे. हे सगळं किती वेळ, तर दोन मिनिटं. मग एकदम शांत, उन्हात झोपलेल्या मांजरागत. मग दिवसभर कितीदाही बंद करा, चालू करा, काही नाही. रात्रभर गार पडली की सकाळी परत तेच.

खरा त्रास हादरण्याचा नव्हता, दुखणं दाखवायला न्यावं तर गॅरेजपर्यंत जाईस्तोवर इंजिन तापलेलं असायचं, आणि तिथं गेल्यावर गाडी अशी गुणी वागायची की जसं काय मीच तिच्यावर आळ घेतोय. शेवटी एका सकाळी व्हिडिओ काढला आणि गॅरेजवाल्याला दाखवला. त्यानं तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, सर, हे तर मोबाइल हादरायलाय तुमचा.

मग संभाजीनगरला नेली, दीडशेच्या वर किलोमीटर, मोठं वर्कशॉप, एसी वेटिंग रूम, कॉफी फुकट. म्हणलं रात्रभर ठेवून घ्या, सकाळी गार असताना बघा. ठेवून घेतली. सकाळी आठला तिथल्या धुणाऱ्या पोरानं जागा करायची म्हणून गाडी चालू करून रॅम्पवर नेली, चकाचक धुतली, मग नऊला इंजिनिअर आले आणि त्यांनी गरम इंजिन तपासून कागदावर लिहून दिलं, काही दोष आढळला नाही. धुण्याचे पैसे वेगळे.

मधल्या काळात मी पार्ट बदलत होतो. आधी चार स्पार्क प्लग. मग कॉइल, ह्या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल असते, म्हणजे त्या पण चार. मग कूलंटचा टेंपरेचर सेन्सर, कारण इंजिन किती गार आहे हे तोच कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावरून सकाळचं जास्तीचं पेट्रोल ठरतं, तो खोटं बोलला तर सगळाच घोटाळा. नवीन मागवल्यावर जुन्याला मल्टीमीटर लावून पाहिलं, वीस अंशाला अडीच हजार ओमच्या आसपास यायला पाहिजे, बरोबर तेवढंच आलं. बिचारा खरं बोलत होता. साडू म्हणाला, पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलमुळं होतंय. इथेनॉलची थंडीत वाफ लवकर होत नाही हे खरंय, आणि आमच्या मामाचाच ऊस कारखान्याला जातो, म्हणजे एका अर्थानं घरचाच माणूस टाकीत. पण समोरच्यांची 2006 ची अल्टो त्याच पंपाचं पिऊन एका सेल्फमध्ये चालू होते, तिला काही इथेनॉल बाधत नव्हतं.

ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला, त्यानं कोड दिला पी0171. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हवा येतीय कुठून ते त्याला पण माहीत नाही.

शेवटी मामाच्या ट्रॅक्टरसाठी वसमत रोडच्या मिस्त्रीकडं गेलो होतो, तिथं सहज विषय काढला. मिस्त्री पाना न थांबवता म्हणाले, "थंड असताना हादरायली ना? मग थंड असतानाच बघावं लागंल. उद्या साडेपाचला येतो. सेल्फ मारू नका." महिनाभरात माझ्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस.

आले. कानाला मफलर, काखेत बिडीचं बंडल. बॉनेट उघडलं, आधी नीट वास घेतला, कुठं पेट्रोल गळत नाही ना ते हाताने चाचपून पाहिलं (हे सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रकार घरी करण्यासारखा नाही). हवा आत जाते त्या तोंडाला कॅरीबॅग बांधली, मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाची, एक बारकी व्हॅक्यूम नळी काढली, तिथं गवंड्याच्या लेव्हलच्या पाइपाचा तुकडा खोचला, चार पावलं लांब जाऊन बिडी पेटवली, पाइपाचं दुसरं टोक तोंडाजवळ धरलं आणि गाल फुगवून धूर आत सोडला. माझ्या जर्मन गाडीला बिडी पाजली. दुसरा झुरका, तिसरा. मी टॉर्च धरून वाकलो होतो. चौथ्याला मॅनिफोल्डच्या खालून, जिथं हात पण नीट जात नाही, तिथून देवघरातल्या उदबत्तीगत एक बारीक रेघ सरळ वर आली.

इंजिनातली वाफ परत ओढून घेणारा ब्रीदरचा पाइप. बाहेर काढला तर तेलानं फुगून भिजलेल्या भाकरीगत झालेला, आणि वळणावर नखाएवढी चीर. "हितून हवा पियायली बगा." गारठ्यात रबर आकसलं की चीर उघडायची, कॉम्प्युटरनं न मोजलेली हवा आत. आणि ही चोरी धुरावरून पकडणारा ऑक्सिजन सेन्सर जवळपास तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही, आमच्या वडिलांचं चहाशिवाय असतं तसं. तो जागा झाला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो. ती माझी दोन मिनिटं.

कंपनीचा पाइप तीन आठवड्यांनी येणार होता. मिस्त्रींनी ट्रॅक्टरचा तेलाला टिकणारा पाइप आणला, दीड फूट कापला, जुन्यातला एका बाजूनंच हवा सोडणारा व्हॉल्व्ह दोन्हीकडून फुंकून तपासला आणि नव्यात बसवला. दुसऱ्या दिवशी सहाला चावी फिरवली. काटा अकराशेवर गेला आणि तिथंच बसला. मीच जरा वेळ हादरत होतो.

संध्याकाळी बिल आलं, लग्नपत्रिकेच्या मागं लिहिलेलं. पाइप 120. क्लिपा दोन, 40. बिडी बंडल एक, 25. मजुरी 300.

"मिस्त्री, बिडी पण?"

"मटेरियलमधी येतंय सर ते."