नेवातिमचा तो फॉरवर्ड आता पुरे

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. "रायगडच्या मराठी बेने इस्रायली ज्यूंनी इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात नेवातिम गाव वसवलं, सरकारचा एक पैसा नाही, पहिल्या दिवसापासून ठिबक, शेती सगळी सामाईक आणि धर्म पाळून दर सातव्या वर्षी जमीन पडीक." शेअर करण्याआधी जरा बघा तरी.

मुळात ते आपल्याकडचे नव्हेत हो! 1954 ला तिथे गेले ते कोचीकडचे मल्याळी ज्यू. बेने इस्रायली जास्त करून दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद अशा शहरांत गेले. आणि "वसवलं" म्हणाल तर गाव 1946 चं, योम किप्पुर हा ज्यूंचा उपासाचा दिवस संपला त्या रात्री, तेव्हा तिथे राज्य असलेल्या ब्रिटिशांना चुकवून नेगेवात एकदम 11 वस्त्या ठोकल्या त्यातली ही एक, कोचीवाले नंतर आले.

वाळवंटच का, हे मात्र फॉरवर्डवाले कधीच सांगत नाहीत. हत्तीरोग! कोचीकडच्या लोकांबरोबर तो पसरेल अशी तिथल्या आरोग्य खात्याला धास्ती, म्हणून आधी त्यांचं येणंच लांबवलं आणि मग वस्त्या दिल्या त्या डास कमी अशा कोरड्या नाहीतर डोंगराळ भागात. यातले बरेचसे व्यापारी, दुकानदार, आयुष्यात कधी शेत न कसलेले, त्यांच्या हातात एकदम कुदळ आली.

एक पैसा नाही म्हणे. नेवातिमसारख्या नव्या मोशावांना, म्हणजे सहकारी शेतकरी गावांना, घरं, अवजारं, शेती शिकवायला माणसं, सगळं ज्यू एजन्सीकडून, म्हणजे बाहेरून येणाऱ्या ज्यूंना वसवणाऱ्या संस्थेकडून यायचं, आणि जमीन तर आजही भाडेपट्ट्यानेच असते. शेती सामाईक असते ती किबुत्झमध्ये, मोशावात ज्याची शेती तो कसतो, खरेदी-विक्री तेवढी एकत्र, म्हणजे आपल्या गावच्या सोसायटीसारखंच काहीतरी.

ठिबकचं तर विचारूच नका. ठिबक बनवणारी नेताफिम कंपनी सुरू झाली 1965 ला, तीही बेरशेबाजवळच्याच हात्झेरिम किबुत्झमध्ये. त्याआधी नेगेवला आधार होता तो यार्कोन नदीकडून आणलेल्या पाइपलाइनचा, ती 1955 ची.

राहता राहिलं सातवं वर्ष. श्मिता, म्हणजे सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायचा ज्यू धर्माचा नियम, पाळतात हे खरं, पण बरेच धार्मिक शेतकरी रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मान्यतेने त्या वर्षापुरती जमीन कागदोपत्री बिगर-ज्यू माणसाला विकतात आणि पीक घेतात, काहीजण ग्रीनहाऊसमध्ये जमिनीपासून वेगळ्या केलेल्या बेडवर लावतात. काहीजण खरंच पडीक ठेवतात, पण सगळे नाही. 2021-22 श्मिताचंच वर्ष होतं, तिथल्या बाजारात तेव्हाही इस्रायलमध्येच पिकलेली भाजी मिळत होती.