अंगणातली पायपेटी आणि बहात्तरची खडी

गावच्या शाळेला शंभर वर्षं होतायत म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि त्या गडबडीत कुणाच्या तरी ट्रंकेत एक फोटो सापडला. बहात्तरच्या दुष्काळातला. माण तालुक्यातलं आमचं गाव, पाझर तलावाचं काम, अकरा बाया खडी फोडायला बसल्यात, मागं मुकादम कमरेवर हात ठेवून उभा, एकीच्या मांडीवर पोर झोपलंय. फोटो कुणी काढला पत्ता नाही, कोण म्हणतं दहिवडीचा स्टुडिओवाला, कोण म्हणतं सरकारी माणूस आलता. मागच्या बाजूला काहीही लिहिलेलं नाही. तो ग्रुपवर पडला आणि जी सुरुवात झाली ती तीन आठवडे झाले तरी थांबेना.

एक पार्टी म्हणते छापायचाच नाही, आता गावात डाळिंबाच्या बागा आहेत, बंगले आहेत, पोरं पुण्या-मुंबईत, परदेशात आहेत आणि आपण काय भिकाऱ्यासारखं हे दाखवत बसायचं, पाहुण्यारावळ्यांत अब्रू जाते. दुसरी पार्टी म्हणते हाच खरा इतिहास, पहिल्या पानावर टाका. हे चालू असतानाच एका पुतण्यानं तो फोटो एआयमधून काढला. आता बाया गुटगुटीत झाल्यात, लुगड्यांना झकास हिरवा-लाल रंग आलाय, मुकादम तर पिक्चरच्या हिरोसारखा दिसतोय आणि मागच्या उघड्या माळावर थोडं गवतसुद्धा उगवलंय! बहात्तर साली! त्याला ऐंशी लाईक. मी लिहिलं की बाबा हे चुकीचं आहे, तर उत्तर आलं की तू तिकडं नेब्रास्कात बसून शहाणपणा शिकवू नको.

बरोबर आहे, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातच बसलोय. पण गंमत अशी की ह्याच भांडणातला एक फोटो इथं सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी काढलेला आहे आणि तो मी पाहिलाय.

इथल्या लिंकन शहरात राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात बाहेर पडायची सोय नव्हती तेव्हा इंटरनेटवर जुने फोटो बघायचा नाद लागला. इथल्या राज्याच्या इतिहास संस्थेकडं सॉलोमन बुचर नावाच्या माणसाच्या जवळजवळ ३००० काचेच्या निगेटिव्ह आहेत. स्कॅन करून ठेवल्यात, कुणीही घरबसल्या बघावं. पुष्कळ फोटो कस्टर काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), म्हणजे ब्रोकन बो नावाच्या गावाच्या आसपासचे, आमच्यापासून गाडीनं तीन तास. पुढं उन्हाळ्यात जाऊनही आलो. नुसता माळ, टेकाडं, वारा, मधूनच पवनचक्की आणि काळी गुरं. बायको म्हणाली हे बघायला तीन तास आलो का, म्हसवडला गेलो असतो तर दर्शन तरी झालं असतं.

हा बुचर म्हणजे एकदम आपल्यातला माणूस. १८८० मध्ये बापाबरोबर इथं आला, जमिनीचा क्लेम केला, म्हणजे सरकारी जमिनीवर हक्क सांगितला, आणि दोन आठवड्यांत शेती आपलं काम नाही म्हणून परत करून टाकली. मग डॉक्टरकी शिकायला गेला, ती अर्धवट सोडली. मास्तरकी केली, पोस्ट सांभाळलं. पुढं म्हातारपणी जमिनीखालचं तेल शोधायचं यंत्र काढलं, औषध विकून बघितलं, कशातच यश नाही. घरचे किती वैतागले असतील. पण १८८६ मध्ये त्याच्या डोक्यात आलं की आपल्या काउंटीचा फोटोंसकट इतिहास काढायचा, आणि बापाकडनं गाडी मागून घेऊन हा माणूस सात वर्षं रानोमाळ फिरला, दीड हजारावर फोटो काढले. ज्याच्या दारात जायचा तो जेवू घालायचा, घोड्याला चारा द्यायचा.

त्या भागात झाडंच नाहीत. म्हणून लोकांनी माळरानाची जमीन नांगरानं पट्ट्या पट्ट्यांनी उपटली, गवताच्या मुळ्यांसकट त्याच्या विटा कापल्या आणि त्यांच्या भिंती घातल्या. भिंत दोन-तीन फूट जाड. छपरावर पण तीच माती. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात जो राहिलाय त्याला पुढचं सांगायला नको, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि पाऊस उघडला तरी घरात दोन दिवस ठिबकणार. वरनं साप, उंदीर, डोळ्यात माती. १८६२ च्या कायद्यानं १६० एकर जमीन मिळायची, पाच वर्षं कसून दाखवायची. १६० एकर ऐकून आपल्याला वाटतं केवढी चैन, पण त्या कोरड्या वाळूत १६० एकरावर कुटुंब जगेना, म्हणून १९०४ मध्ये पश्चिमेकडच्या भागासाठी ते ६४० एकर करायला लागलं. तरी पुष्कळ जण सोडून गेले आणि शेवटी ती जमीन परत रँचवाल्यांकडंच, म्हणजे गुरांचे मोठे कळप पाळणाऱ्यांकडंच गेली. कोरडवाहूचं गणित जगात सगळीकडं सारखंच दिसतंय.

तर तो फोटो. हिल्टन नावाचं कुटुंब, साधारण १८८७. अंगणात, गुराढोरांच्या मधोमध, एक पायपेटी ठेवलीय. हार्मोनियमसारखीच पण मोठी, कपाटाएवढी. नवरा, बायको, पोरं तिच्याभोवती उभी. गोष्ट अशी सांगतात की ह्या बाईला फोटो तिकडं पूर्वेकडं राहणाऱ्या पाहुण्यांना पाठवायचा होता, पण आपण मातीच्या घरात राहतो हे त्यांना कळायला नको होतं आणि घरात पायपेटी आहे हे मात्र कळायला हवं होतं. मग काय, ते धूड उचलून बाहेर आणलं, मातीचं घर फोटोत येणार नाही असं सगळ्यांना उभं केलं, फोटो झाला, पायपेटी परत आत.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो. आमच्या आजीचा एक फोटो आहे, साताऱ्याच्या स्टुडिओतला, त्यात तिच्या हातात पर्स आहे. आजीकडं आयुष्यात पर्स नव्हती, ती स्टुडिओची. शेजारी फुलदाणी, मागं पडद्यावर कमळाचं तळं. म्हणजे पाहुण्यारावळ्यांत अब्रू जाईल म्हणणारी ग्रुपवरची मंडळी काही मूर्ख नाहीत हे मला ह्या बाईनं शिकवलं, आपण कसं दिसावं हे ठरवायची हौस माणसाला असतेच आणि असावी.

पण मग पुतण्याचं तरी काय चुकलं असं कुणी म्हणेल. तिनं पायपेटी बाहेर काढली, ह्यानं लुगडी रंगवली. फरक मला बरेच दिवस सांगता येत नव्हता, आता येतो. पायपेटी तिची होती. ती खरंच घरात होती, आणि ती बाहेर आणायचं तिनं स्वतः ठरवलं. आमच्या अकरा जणींना कुणी विचारलंच नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. मुकादमानं बसा म्हणलं, बसल्या. पन्नास वर्षांनी पुतण्यानं गुटगुटीत केलं, झाल्या.

आता बुचर काही फार सोवळा होता असं नाही हां. काच खराब झाली, डाग पडला तर हा पठ्ठ्या त्यावर कोरून कुठं झाड, कुठं पक्षी काढायचा. त्याहून मोठी भानगड म्हणजे त्यानं काही फोटो चक्क नाटक करून घेतलेत. रँचवाल्यांनी सरकारी जमिनीला काटेरी तारांचं कुंपण घातलं होतं आणि १८८५ मध्ये शेतकऱ्यांनी ब्रायटन रँचचं ते कुंपण कापलं. त्याचा फोटो आहे, तोंडाला फडकी बांधलेली माणसं तारा तोडतायत, एकदम थरारक. फक्त तो १९०० मध्ये काढलाय, पंधरा वर्षांनी, माणसं उभी करून. ते वैर मात्र खरं होतं, त्याच काउंटीत १८७८ मध्ये ऑलिव्ह नावाच्या गुरांच्या मालकाच्या टोळीनं मिचेल आणि केचम ह्या दोन शेतकऱ्यांना फासावर लटकवलं होतं. म्हणजे फोटो नाटकी, गोष्ट खरी. पण इथं त्याच्याखाली स्पष्ट लिहितात की हा नंतर उभा केलेला प्रसंग आहे, आणि कोरलेलं झाड डोळ्याला कोरलेलं दिसतं. एआयचं गवत कुठं दिसतंय उगवलेलं?

आणि टेक्नॉलॉजीला माझा विरोध नाही, पोटच भरतोय तिच्यावर. बुचरच्या काचा मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन केल्या तेव्हा घराच्या दारातला काळा अंधार कंप्युटरवर उजळवून बघितला गेला आणि आतल्या वस्तू दिसायला लागल्या, ज्या सव्वाशे वर्षं कुणी पाहिल्या नव्हत्या. हे मला भारी वाटतं, कारण तो उजेड काचेतच होता, आणून घातलेला नव्हता.

ग्रुपवर अजून एक जण आहेत, आमचे तात्या, ते माझी बाजू घ्यायला आले आणि म्हणाले बघा अमेरिकेत कसं जपतात, आपल्याकडं कुणाला किंमत नाही. तात्यांचा मान राखून सांगतो, हे पण खरं नाही. बुचरच्या घराला १८९९ मध्ये आग लागली. सात वर्षांत लोकांच्या तोंडून लिहून घेतलेली माहिती जळाली, प्रिंट जळाल्या, काचा तेवढ्या धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. पुस्तक शेवटी १९०१ मध्ये निघालं ते एका रँचवाल्यानं पैसे घातले म्हणून. पुढं सगळा संग्रह संस्थेनं ६०० डॉलरला घेतला, तेही त्याला कबूल झालं होतं त्यापेक्षा कमी. १९२७ मध्ये तो गेला तेव्हा आपलं आयुष्य वाया गेलं असंच त्याला वाटत होतं. दुसरी एक बाई, एव्हलिन कॅमरन, मोंटानातल्या टेरी गावाजवळ रँचवर राहायची, १८९४ पासून गुरं, घोडे, मेंढरं, शेजारीपाजारी सगळ्यांचे फोटो काढले, ती १९२८ मध्ये गेली आणि तिच्या काचा मैत्रिणीच्या तळघरात पन्नास वर्षं पडून होत्या. तळघर काय आणि माळा काय. आणि जपलंय ते पण कुणाचं? पॉनी ह्या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांना ह्याच नेब्रास्कातनं १८७० च्या दशकात उचलून आजच्या ओक्लाहोमात नेलं, त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी बुचरची गाडी ह्या माळावर फिरली, आणि फोटो बघताना वाटतं की इथं आधी कुणी नव्हतंच.

पण एक गोष्ट इथल्या लोकांनी केली आणि ती मला आपल्याकडं हवीय, आणि तिला काही अमेरिकेचा पैसा लागत नाही. म्हाताऱ्या बुचरलाच बसवून संस्थेनं फोटोंची माहिती लिहून घेतली. हे कोण, गाव कुठलं, साल कोणतं. म्हणून आज बुचरनं काढलेला चार क्रिसमन बहिणींचा फोटो नुसता मातीच्या घरापुढच्या चार पोरींचा फोटो नाही, त्यांची नावं आहेत आणि प्रत्येकीनं स्वतःच्या नावावर जमीन घेतली हे माहीत आहे. ती नावं नसती तर कॅलेंडरवर छापायला चांगला फोटो, बाकी काय. आमच्या ग्रुपवर तीन आठवड्यांत चारशे मेसेज झाले असतील, अब्रू, इतिहास, एआय, कलर, कव्हर, पण ह्या बाया कोण हे एकानं विचारलं नाही. मी पण नाही विचारलं, खोटं कशाला बोलू, मी एआयवर लेक्चर देत होतो.

मागच्या रविवारी आत्याला फोन केला. ती त्या अकरातली आहे हे मला माहीतच नव्हतं, बाबांनी सांगितलं. व्हिडिओ कॉलवर चुलतभावानं तिच्यापुढं आधी रंगीत फोटो धरला.

"ही कोण म्हणायची?"

"आत्या, डावीकडनं तिसरी तू आहेस."

बराच वेळ बघत बसली. "आरं पर हे लुगडं कुणाचं? माझं आईनं दिल्यालं हुतं, चार ठिगळं हुती त्याला. ती कुठं गेली?"

मग जुना दाखवला. चष्मा पुसला, फोन जवळ घेतला, आणि बोलायला लागली ती तास झाला तरी थांबेना. कोण कुणाची जाऊ, कुणाला मुकादम हजेरी लावताना फसवायचा, सुकडी पदरात बांधून पोरांना कोण आणायचं, अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी कशी घशाखाली उतरायची नाही. मी म्हणलं आत्या मी आता मिलोच्याच मुलखात राहतोय, इथं शेतंच्या शेतं आहेत. "मग तू खातो का?" म्हणलं नाही, इथं गुरांना घालतात. त्यावर ती हसली का रागावली मला स्क्रीनवर कळलं नाही.

स्मरणिकेत टाकायचा का, विचारलं. म्हणाली टाका की, पण ठिगळांचा टाका, आणि मुकादमाचं नाव नको, त्याची नातवंडं चांगली आहेत.

अकरातली सात नावं लिहून झालीत. ती इथं देत नाही, आधी फोटोखाली येऊ देत. मांडीवर पोर असलेली बाई कोण ह्यावर आत्या अडली, नाव ओठावर आहे म्हणते, माहेर गोंदवल्याकडचं, पुढच्या आठवड्यात तिची नणंद येणाराय तिला विचारून सांगते. पोराचं नाव मात्र तिला पाठ आहे. ते आमच्या ग्रुपवर आहेत, पहिल्या पार्टीत, फोटो छापू नका म्हणणाऱ्यांत सगळ्यात जास्त मेसेज त्यांचेच आहेत. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.