‘न विचारता पॉप लावला’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय सर,

आपला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. फोनमधल्या जुन्या मेल एका सकाळी नाहीशा झालेल्या पाहून आपल्याला जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो. आपण लिहिले आहे की आम्ही ‘न विचारता आयमॅप काढून जुनाट पॉप लावला, 12 वर्षांच्या मेल उडवल्या आणि वर 600 रुपये घेतले’. (सर्व्हर म्हणजे मेल साठवणारा कंपनीचा संगणक; त्यावरच्या मेल पाहण्याच्या दोन पद्धती म्हणजे आयमॅप आणि पॉप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, पॉपमध्ये त्या आपल्या संगणकावर उतरवल्या जातात.) रकमेबद्दल मला काही म्हणायचे नाही; ती पावतीवर आहे. मात्र ‘न विचारता’ हे दोन शब्द मला लागले आहेत आणि त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

सर्वात आधी, मेल उडालेल्या नाहीत. इनबॉक्समधल्या सर्व मेल आपल्या घरच्या संगणकावर, आउटलुक या मेलच्या प्रोग्रामच्या पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे तो मेल जिथे साठवतो त्या फाइलमध्ये आहेत. आपण संगणक उघडून पाहण्याआधी अभिप्राय लिहिलात, असे वेळेवरून दिसते. सर्व्हरवर आपण स्वतः केलेले ‘बँक’ आणि ‘सोसायटी’ हे दोन फोल्डरही जिथल्या तिथे आहेत, कारण पॉप फक्त इनबॉक्स उतरवून घेतो, इतर फोल्डरांना तो हात लावत नाही.

आता विचारण्याबद्दल. आपण 3 तारखेला संध्याकाळी आलात ते मेल येणे बंद झाले म्हणून. आपले खाते जीमेलचे नाही. ते आपल्या जुन्या व्यवसायाच्या नावाचे आहे आणि त्याला सर्व्हरवर 2 जीबी जागा आहे. ती पूर्ण भरली होती, त्यामुळे लोकांनी पाठवलेल्या मेल त्यांच्याकडेच परत जात होत्या. मी आपल्यापुढे दोन मार्ग ठेवले. पहिला, आयमॅपच ठेवायचा आणि दरवर्षी पैसे भरून जागा वाढवून घ्यायची, कारण आयमॅपमध्ये मेलचे मूळ घर सर्व्हर असते आणि फोन किंवा संगणक ही फक्त त्या घराची खिडकी असते. दुसरा, पॉप लावून मेल संगणकावर उतरवायच्या आणि सर्व्हर मोकळा करायचा. जागेसाठी दरवर्षी पैसे भरणार नाही, हे आपण दोनदा सांगितलेत. ‘फोनवर जुन्या मेल पाहायच्या असतात का?’ असे मी विचारले तेव्हा आपण म्हणालात, ‘फोनवर मी फक्त व्हॉट्सअ‍ॅप पाहतो.’ त्या वेळी आपण कोणाशी तरी फोनवर बोलत होतात, हे मला मान्य आहे. पण हात हलवून ‘करा, करा’ अशी खूणही आपणच केलीत. काउंटरवर माझ्याशेजारी माझी पत्नी बसली होती, तिलाही ते आठवते. त्याआधीचा अर्धा तास आपला पासवर्ड आठवण्यात गेला होता, आणि त्याचे आम्ही काही घेतले नाही.

आपल्या चिरंजीवांनी ‘आजकाल पॉप कोण लावते?’ असे विचारल्याचे आपण लिहिले आहे. फोन, लॅपटॉप आणि कार्यालयातला संगणक अशा तीन ठिकाणी मेल पाहणाऱ्या माणसासाठी त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. आयमॅपमध्ये एका ठिकाणी वाचलेली मेल सगळीकडे वाचलेली दिसते, पाठवलेली मेलही सगळीकडे दिसते. जीमेलसारखे खाते असते, जिथे फोटो आणि ड्राइव्ह धरून 15 जीबी मोफत मिळतात, तर मी पॉपचे नावही काढले नसते. पण ‘जुनाट’ हा शब्द मला पटत नाही. पॉपचा पहिला आराखडा 1984 चा आणि आयमॅप 1986 मध्ये स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी रचलेला, म्हणजे दोघांत फार तर दोन वर्षांचे अंतर आहे. इथे प्रश्न वयाचा नव्हता, 2 जीबीचा होता.

जिथे माझे चुकले ते मी लपवत नाही. पॉप लावताना मी ‘सर्व्हरवर प्रत ठेवा, 14 दिवसांनी काढून टाका’ ही सेटिंग ठेवली होती. हेतू असा की मेल संगणकावर नीट उतरल्याची आपली खात्री होईपर्यंत सर्व्हरवरची प्रत राहावी आणि नंतर जागा मोकळी व्हावी. पण आपल्या फोनवर खाते आयमॅपनेच जोडलेले होते. फोन सर्व्हरवर जे आहे तेच दाखवतो. तिथून मेल गेल्या की फोनवरूनही जातात. म्हणून 17 तारखेला आपला फोन रिकामा झाला. हे 14 दिवसांचे गणित मी आपल्याला सांगितले होते की नाही, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. लिहून तर नक्कीच दिले नव्हते. संगणकावरून पाठवलेल्या मेल फोनवर दिसत नाहीत, ही आपली दुसरी तक्रारही पॉपमुळेच आहे आणि तीही मी आधी सांगायला हवी होती.

पॉपचा खरा धोका मला चांगला ठाऊक आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीच्या दुकानात शिरले, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या यंत्रांपैकी ज्यांच्यात मेल पॉपने उतरलेली होती त्यांची मेल हार्डडिस्कबरोबर गेली, आणि आयमॅपवाल्यांनी नव्या संगणकावर पासवर्ड टाकताच सगळे जसेच्या तसे परत आले. म्हणूनच आपल्या पीएसटी फाइलची एक प्रत मी आपल्याच पेनड्राइव्हवर करून दिली आणि त्यावर चिकटपट्टी लावून ‘मेल’ असे लिहिले. अभिप्रायात तिचा उल्लेख नाही. मेल उडवणारा माणूस असे करेल का, एवढेच मला विचारायचे आहे.

आमचे दुकान दुरुस्तीवरच चालते; नवे यंत्र आता लोक ऑनलाइन घेतात. येणारा माणूस आधी तारे पाहतो. परवा एका बाईंनी लॅपटॉप काउंटरवर ठेवण्याआधीच ‘तुम्ही मेल उडवता का हो?’ असे विचारले. त्यांना मी काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही.

आपली इच्छा असेल तर गेल्या दोन वर्षांच्या मेल मी सर्व्हरवर परत चढवून देईन, म्हणजे त्या फोनवर दिसतील आणि नव्या मेलना पुरेशी जागाही राहील. बाकीच्या संगणकावर राहतील. संगणकही मग आयमॅपवर घेता येईल. मात्र सर्व्हर पुन्हा भरू लागला की जुन्या मेल वर्षातून एकदा खाली उतरवाव्या लागतील. याचे काही पैसे नाहीत. यापुढे मेलच्या कामात ग्राहकाने काय निवडले ते पावतीवर लिहून घेण्याचाही विचार चालू आहे.

येताना संगणक, तो पेनड्राइव्ह आणि पासवर्ड लिहिलेली वही आणावी. सोमवारी दुकान बंद असते.

आपला नम्र,
दुकानमालक