टोरानाच्या डॅशबोर्डखालचं 'रक्त'

पोटच्या तान्ह्या मुलीच्या खुनाचा आरोप झालेल्या लिंडी चेंबरलेनचा विषय निघाला की सगळे डिंगोवर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्यावर, घसरतात. नाहीतर ती कोर्टात रडली का नाही, यावर. मला विचाराल तर या खटल्यात अभ्यास करायचा तो चेंबरलेन कुटुंबाच्या पिवळ्या होल्डन टोराना गाडीचा.

17 ऑगस्ट 1980 च्या रात्री ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तंबूतून लिंडीची साडेनऊ आठवड्यांची मुलगी अझारिया नाहीशी झाली. आई म्हणाली, डिंगोने नेली. पहिल्या कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) ते मान्यही केलं. पण वर्षभराने पोलिसांनी गाडी जप्त केली, प्रयोगशाळेने आत बाळाचं रक्त सापडल्याचं सांगितलं आणि 29 ऑक्टोबर 1982 ला डार्विनच्या ज्युरीने लिंडीला खुनी ठरवलं. जन्मठेप. मृतदेह नाही, खुनाचं कारण नाही. सरकार पक्षाचा डोलारा उभा होता तो मुख्यतः 'गाडीत गळा चिरला' यावर.

आता ती तपासणी बघा. डागावर फिल्टर पेपर घासायचा, त्यावर ऑर्थो-टोलिडिनचा थेंब, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. निळा रंग आला तर रक्त असू शकतं, एवढंच. पेरॉक्साइड टाकायच्या आधीच निळं झालं तर तो निकाल रक्ताचा म्हणून धरायचाच नाही. पण पेरॉक्साइडनंतर आलेला निळाही फसवतो: तांब्याची संयुगं तोच रंग देतात, बटाट्याचा रसही देतो. आणि चेंबरलेन राहायचे माउंट आयझाला. तांब्याच्या खाणीचं गाव! धूळ गाडीत येणारच.

दुसरी पायरी अँटिसीरमची, म्हणजे ठराविक प्रथिनालाच चिकटणाऱ्या द्रवाची. बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या, मोठ्या माणसाच्यात दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा दोघांतही तीच. म्हणजे अँटिसीरम फक्त गॅमाला चिकटणारं हवं. अल्फाला चिकटणारा भाग त्यात उरला तर मोठ्यांचं रक्तही 'बाळाचं' दिसतं. म्हणून संशयित डागाशेजारी त्याच प्लेटवर मोठ्या माणसाचं रक्त लावून बघायचं, आणि तेही तितकंच जुनं, तितकंच उन्हात तापलेलं. ताज्या रक्तावर नीट चालणारं सीरम वर्षभर भाजलेल्या डागावर कसं वागेल याची खात्री देता येत नाही. शिवाय 1979 मध्ये याच गाडीतून एका रक्तबंबाळ जखमीला नेलं होतं, हेही कोर्टासमोर होतं.

बचाव पक्षाच्या प्रा. बॅरी बोएचर यांनी सीरमवरचा हा आक्षेप खटल्यातच मांडला होता. पण तपासणीच्या मूळ प्लेट्स तोवर टाकून दिलेल्या. दुसऱ्या तज्ज्ञाने बघायचं काय? माझ्या लेखी सगळ्यात गंभीर चूक ही. रसायन चुकलं तर पुन्हा तपासता येतं. प्लेटच नसेल तर ज्युरीपुढे एका तज्ज्ञाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा एवढंच उरतं, आणि सरकारी लॅबचं पारडं जड असतं.

आणि डॅशबोर्डखाली उडालेले ते थेंब, चिरलेल्या गळ्यातून उडाल्याचं सांगितलेले? ते साउंड डेडनर निघालं. कारखान्यात गाडीला आवाज दाबायचा लेप फवारताना तो एका भोकातून आत उडाला होता. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टोरानांमध्येही तसेच शिंतोडे सापडले. चार गाड्या उघडून बघायचं काम होतं हो, यासाठी कसलं मशीन लागतं!

फेब्रुवारी 1986 मध्ये उलुरूच्या पायथ्याशी अझारियाचं जॅकेट सापडलं, डिंगोंचा वावर असलेल्या भागात. आधी सापडलेल्या आतल्या कपड्यावर डिंगोची लाळ का नाही, असं विचारणाऱ्यांना लिंडी पहिल्यापासून सांगत होती की बाळाच्या अंगात वरून हे जॅकेट होतं. पाच दिवसांत ती तुरुंगाबाहेर आली. मग न्या. मॉर्लिंग आयोगाने रक्ताचा पुरावा मोडीत काढला, आणि 15 सप्टेंबर 1988 ला दोषसिद्धी रद्द झाली. 'डिंगोमुळे मृत्यू' असं कॉरोनरने लिहून द्यायला मात्र जून 2012 उजाडलं.

आपल्याकडे सी.ए. रिपोर्ट (सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) हातात घेणाऱ्या वकीलमित्रांनो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 खाली (जुनं 293) कायद्यात नमूद सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला न बोलावताही वाचला जातो. साक्षीला बोलावण्याचा अर्ज तुम्हालाच द्यावा लागेल. तो आला की आधी वर्कशीट, म्हणजे तपासणीच्या वेळच्या नोंदी, मागा. प्राथमिक चाचणी कोणती, खात्रीची कोणती, कंट्रोल (तुलनेसाठीचा माहीत असलेला नमुना) काय लावलं होतं, आणि नमुन्यातलं काही शिल्लक आहे का ते विचारा.