अकरा बेचाळीसचा फोटो

माझे फोटो कधीच चांगले येत नाहीत. लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाटाच्या वर माझी नुसती मुंडावळी दिसते, आणि आधार कार्डाविषयी तर बोलायलाच नको. मात्र गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मुंबई नाक्यावर काढला गेलेला माझा फोटो असा काही स्वच्छ आला आहे की स्कूटरचा नंबर, गालावरचा घाम आणि हेल्मेटात खुपसलेल्या मोबाइलचे निळे कव्हर हे सगळे त्यात एका नजरेत दिसते. तो वाहतूक पोलिसांनी काढला आणि त्याचे पैसे मी भरले.

हेल्मेटात मोबाइल खुपसण्याची विद्या नाशिकात जुनीच असली, तरी तिचा खरा प्रसार १५ ऑगस्ट २०२१ नंतर झाला, असे माझे मत आहे. त्या दिवसापासून शहरात हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम सुरू झाली, पंपांवर हेल्मेटांची उसनवारी रंगली, आणि जे सापडले त्यांना ट्रॅफिक पार्कात दोन तास बसून व्याख्यान ऐकावे लागले. शेवटी आम्ही निमूटपणे हेल्मेटे विकत घेतली आणि आठवडाभरातच आमच्या लक्षात आले की कान आणि आतला फोम यांच्यामध्ये मोबाइल अगदी मापाने बसतो. गैरसोय एवढीच की गाल स्क्रीनला घासतो. माझ्या गालाने आजवर एकदा विमा एजंटाला आणि दोनदा निफाडच्या मावशीला फोन लावलेला आहे. मावशीने तर वीस मिनिटे द्वारका चौकाचा आवाज ऐकून, नाशिकला पाऊस फार दिसतो, असा निष्कर्ष काढला होता.

तर त्या शनिवारी मी इंदिरानगरहून रविवार कारंजाकडे भाजीला निघालो होतो. हवालदारांनी आधी फोटो काढला आणि मग हात केला.

"साहेब, कायद्यात हातात धरलेला फोन म्हटलंय," मी म्हणालो. "माझे दोन्ही हात हँडलवर आहेत. बघा."

"काका, हेल्मेट डोक्यासाठी असतं, फोनसाठी नाही," ते म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. तरीही मी 'धरणे' आणि 'अडकवणे' यांतला फरक विशद करू लागलो, तेवढ्यात त्याच फोनवर चलनाचा मेसेज आला. निकाल लागल्यानंतर युक्तिवाद चालू ठेवण्यात अर्थ नव्हता.

घरी आल्यावर मी कायदा वाचला, कारण आधी दंड भरावा आणि मग कायदा वाचावा ही आपली जुनी रीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याविषयी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला जे स्पष्टीकरण जोडले त्यात सिग्नल तोडणारा, उलट्या दिशेने येणारा आणि हातातला फोन वापरणारा हे तिघेही एका पंगतीला बसवले आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मी हे मोठ्याने वाचत असताना सौभाग्यवतींनी 'कैद' हा शब्द मला दोनदा वाचायला लावला.

ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एक सवलतही आहे: हातातले यंत्र फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरावे, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

"मग रस्ता शोधत होतो म्हणायचं होतंत," सौभाग्यवती म्हणाल्या.

तीस वर्षे नाशिकात काढून रविवार कारंजा शोधणारा माणूस म्हणून सरकारदरबारी नोंद होण्यापेक्षा मला दंड परवडला.

मुलाने गणित मांडले. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिले तर ३३ मीटर, म्हणजे साधारण तीन सिटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढा रस्ता आपण डोळे मिटून कापला. मुंबई नाक्यावर शनिवारी ताशी ४० ने गेलेला मनुष्य अजून जन्माला यायचा आहे, असे मी सुनावले खरे, पण मनातून जरा चपापलो. मेथी की शेपू हा विचार डोक्यात चालू असताना पुढची रिक्षा कधी थांबली हे मला आजही आठवत नाही. हवालदारांनी थांबवले नसते, तर रिक्षाने थांबवले असते.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, पण मुलाने चलनाच्या लिंकवरचा फोटो टीव्हीवर मोठा करून लावला. भुवया जुळलेल्या, ओठ एका बाजूला ओढलेला, डोळ्यांत कर्जबाजारी माणसाचे भाव. फोटोवर वेळ होती ११:४२. सौभाग्यवतींनी शांतपणे आपला मोबाइल घेतला, कॉलची यादी उघडली आणि बोट ठेवले. ११:३९ ते ११:४३.

"अहो, माझ्याशी बोलताना तुमचा चेहरा असा असतो?"

कलम १८४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर नाही.

सोमवारपासून मी फोन डिकीत टाकू लागलो. पहिल्याच संध्याकाळी ऑफिसातून घरी पोहोचेपर्यंत अकरा मिस्ड कॉल झाले होते, शेजारच्या काकूंनी मारुतीला नारळ बोलला होता, आणि मुलगा मला शोधायला बाइक घेऊन निघाला होता. वाटेत बाइक चालवता चालवताच त्याने तीन जणांना फोन करून माझी चौकशी केली. ३३ मीटरचे गणित त्याला तोंडपाठ होते, तरीही. मग मुलाने कानात घालायचे ब्लूटूथ आणून दिले. त्यावर हात मोकळे राहतात, पण डोके शेपूतच अडकलेले राहते, हे मला एव्हाना कळले होते. शिवाय मायको सर्कलच्या सिग्नलला मी "बरं, आणतो" म्हणालो, तर शेजारचा रिक्षावाला "काय आणता, काका?" म्हणाला. ते यंत्र मी परत केले.

आता मी गाडी बाजूला घेऊन, थांबून, उतरून बोलतो. वाचायला हे सोपे वाटते. मुंबई नाका ते द्वारका या पट्ट्यात 'बाजू' नावाची जागा कोठे आहे, हे एकदा कुणीतरी मला दाखवावे. जेथे बस नाही तेथे रिक्षा आहे, रिक्षा नाही तेथे भेळेची गाडी आहे, आणि उरलेल्या जागेत माझ्यासारखाच कुणीतरी फोन कानाला लावून उभा आहे. त्यामुळे फोन वाजल्यापासून जागा सापडेपर्यंत रिंग थांबते, मी परत लावतो, पलीकडचा "मीच लावतो" म्हणून कट करतो, आणि मी पुन्हा किक मारली की तो लावतो.

गेल्या मंगळवारी गंगापूर रोडवर मावशीचा फोन आला. मी जेहान सर्कल ओलांडून पुढे स्टँड लावला, हेल्मेट काढले आणि उन्हाचे चटके बसत होते म्हणून वीसेक पावलांवरच्या झाडाखाली गेलो.

"मावशी, मी गाडीवर होतो."

"मग काय झालं? मी काय तुला उतरायला सांगितलं का?"

भाचीच्या स्थळाची हकिकत सतरा मिनिटे चालली. मुलगा पिंपळगावचा, द्राक्षाची बाग, स्वभावाने गरीब. मी एकदाही गाडीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर गाडीच्या थेट डोक्यावरचा 'नो पार्किंग'चा फलकही दिसला असता.

संध्याकाळी दुसऱ्या चलनाचा फोटो टीव्हीवर लागला. फलक, फूटपाथची कड, आरशाला लटकवलेले रिकामे हेल्मेट, आणि मधोमध एकटी स्कूटर. सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"हा छान आलाय," त्या म्हणाल्या. "यात तुम्ही नाही आहात."