पाच पैशांचं तिकीट आणि याह्याखानची पोस्टमनकी

माळा आवरताना आजोबांची जुनी पाकिटं सापडली, ७१ च्या डिसेंबरातली. प्रत्येकावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं एक जास्तीचं तिकीट, शरणार्थी सहायता असं छापलेलं. बाबा म्हणाले, अरे तेव्हा हे लावावंच लागायचं, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी. जवळपास एक कोटी माणसं आली होती, आणि त्यांच्या खर्चाचे ५ पैसे आमच्या आजोबांसारखा कारकून माणूसही भरत होता.

आता ही माणसं का आली? १९७० च्या डिसेंबरात पाकिस्तानात निवडणूक झाली, शेख मुजीबच्या अवामी लीग पक्षाने पूर्व पाकिस्तानातल्या (म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या) १६२ पैकी १६० जागा काढल्या, म्हणजे ३०० च्या सभागृहात सरळ सरळ बहुमत. पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखानने संसदेची बैठकच पुढे ढकलली आणि २५ मार्चच्या रात्री ढाक्यात सैन्य सोडलं, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलांत घुसून पोरं मारली.

आणि अमेरिका याह्याच्या बाजूने. बरं, माहिती नव्हतं म्हणावं तर तेही नाही. ढाक्यातला त्यांचाच कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड रोज कळवत होता, शेवटी ६ एप्रिलला २० अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्यांची तार गेली की इथे लोकशाही चिरडली जातेय आणि आपलं सरकार साधा निषेधही करत नाहीये. उत्तर काय मिळालं, तर ब्लडची ढाक्यातून उचलबांगडी. आणि एप्रिलच्या शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सनने फाइलवर स्वतःच्या हाताने लिहिलं की याह्याला सध्या दाबू नका, त्यातल्या ‘नका’खाली तीन रेघा मारून!

कारण होतं चीन. याह्या निक्सनचे निरोप पेकिंगला (म्हणजे बीजिंगला) पोचवत होता. जुलैमध्ये निक्सनचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानात गेले, पोट बिघडलंय असं जाहीर झालं आणि साहेब गुपचूप विमानाने चीनला. (शाळा बुडवायला आम्ही हेच कारण द्यायचो, पण आम्ही पकडले जायचो.)

यावर हमखास कमेंट येणार की परराष्ट्र धोरण भावनेवर चालत नाही, नॅशनल इंटरेस्ट बघावा लागतो. ठीक आहे, हिशेबानेच बोलू. १५ जुलैला निक्सनने टीव्हीवर स्वतःच सांगून टाकलं की मी चीनला जाणार. म्हणजे पोस्टमनचं काम संपलं ना? मग डिसेंबरात भारत-पाक युद्ध पेटल्यावर जॉर्डन आणि इराणकडून पाकिस्तानला विमानं मिळावीत म्हणून खटपट कशाला, तीही अमेरिकेच्याच कायद्यात बसत नाही हे माहीत असताना? बंगालच्या उपसागराकडे एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका कशाला? तर म्हणे आपण दोस्ताला सोडत नाही हे चीनला दिसलं पाहिजे. हे असंच होतं, आधी हुकूमशहा कामाचा म्हणून जवळ करायचा आणि काम संपलं की आपली इज्जत त्याच्यात अडकली म्हणून सांभाळायचा. आणि हाताला काय लागलं? भारताने ९ ऑगस्टला रशियाशी करार केला, पाकिस्तान फुटायचा तो फुटलाच, आणि ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीनंतर चारच दिवसांत याह्याची खुर्ची गेली.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही बरं का. म्यानमारचे लष्करशहा थान श्वे २०१० ला दिल्लीत आले तेव्हा आपण लाल गालिचा अंथरला, राजघाटावर फुलंसुद्धा वाहिली त्यांनी, आणि तिकडे लोकशाहीसाठी लढणाऱ्या आंग सान सू ची नजरकैदेत. तेव्हाही शब्द तोच, नॅशनल इंटरेस्ट.

ब्लड २००४ मध्ये गेले. पुढच्या वर्षी ढाक्यातल्या अमेरिकन सेंटरच्या लायब्ररीला त्यांचं नाव दिलं. किसिंजरना मात्र १९७३ लाच शांततेचं नोबेल मिळालं होतं, ७१ नंतर दोनच वर्षांत.

तिकिटांचा फोटो कमेंटमध्ये टाकतोय. कोणाच्या घरी अशी पाकिटं असतील तर तुम्हीही टाका.